खाणीतला बैल

आमच्या काळेवाडीच्या चाळीमागे बंद पडलेली दगडाची खाण होती, आणि त्या खाणीत एका गुरुवारी सकाळी बैल हंबरला. हे वाक्य मी आजवर इतक्यांदा सांगितलंय, की मी नुसतं 'खाण' म्हटलं तरी आमची पोरं उठून दुसऱ्या खोलीत जातात. जाऊ देत. ज्यांनी तो आवाज ऐकलाच नाही, त्यांना काय कळणार.

दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले असतील. मी लग्न करून मराठवाड्यातून इकडे आले. नवरा कंपनीत लागलेला, शिफ्टची ड्यूटी, दहा बाय दहाची खोली, वर पत्रे. सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. गावी सासरे एकटे राहत होते, आणि एकदा तापात दिवसभर पडून राहिले तरी शेजारपाजाऱ्यांना पत्ता लागला नाही. मग नवरा गेला आणि त्यांना घेऊन आला. बैलजोडी त्यांनी भावाच्या दावणीला बांधली आणि येताना एक वळकटी, एक पितळी तांब्या आणि कासरा एवढंच आणलं. बैल हाकताना हातात धरायची ती दोरी. शहरात कासऱ्याचं काय काम, असं त्यांना कुणी विचारलं नाही. मी ती खोलीत आडवी बांधली आणि तिच्यावर कपडे वाळत घालायला लागले. मामांनी एकदा नुसतं बघितलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे.

मामा चांगले होते, पण त्यांचं इथं मन लागत नव्हतं. दिवसभर ओट्यावर बसून सायकलींची ये-जा बघायचे. समोरून सगळी तळवड्याला, पिंपरीला, भोसरीला पळणारी माणसं, आणि मधोमध हे एकटेच न पळणारे. "पोळ्याला मी गावी जानार," असं अधूनमधून म्हणायचे. पोळा झाला की परत येतो, हे मात्र कधी म्हणाले नाहीत. मला कळत होतं की ते एकदा गेले की परत यायचे नाहीत, त्या बंद घरात स्वतःची भाकरी स्वतः थापत बसतील आणि पुढच्या तापात काय होईल ते होईल. शिवाय खरं सांगू, मला ते हवे होते. नवरा शिफ्टला गेला की त्या खोलीत माझ्याशी माझ्या बोलीत बोलणारं दुसरं कोण होतं?

तर तो गुरुवार. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असायची, त्यामुळे नवरा अजून घोरत होता. आठवडाभर पावसाची झड लागलेली, त्या सकाळी जरा उघडीप होती. मी चहा ठेवला आणि मामा ओट्यावरून आत आले ते तडक दोरीपाशी.

"पोरी, कपडे काढ."

"का हो मामा? वाळले न्हाईत अजून."

"कासरा पायजे. खाणीत बैल पडलाय."

मी स्टोव्ह बंद केला आणि बाहेर आले. आधी काहीच ऐकू येईना. मग आला. जड, घोगरा, पोटाच्या तळातून निघालेला आवाज, मध्ये थांबून पुन्हा. मी पण खेड्यातलीच आहे, गोठ्यात शेण काढत मोठी झालेय. शपथेवर सांगते, तो बैलाचाच आवाज होता.

मामा ओट्याच्या कडेला मान तिरकी करून उभे होते. इतके दिवस मिटलेला माणूस, आणि एकदम डोळ्यांत चमक. "देवणी हाय," म्हणाले, म्हणजे आमच्याकडची जात. "बसका आवाज बघ. खिल्लार आसता तर धार आसती." पुन्हा आवाज आला. "चार दाती आसंल, तरणा. पाय आडकलाय त्याचा. भुकंचं वरडणं येगळं आस्तं." तिसऱ्यांदा आवाज आला तो जरा दुसऱ्या बाजूने. मामांनी माझा दंड धरला. "दोन हायेत गं. जोडी हाय."

नवरा डोळे चोळत बाहेर आला. "आबा, हितं कुठला देवणी? लातूरहून चालत आला का?" पण तेवढ्यात परत हंबरणं आलं आणि तोही कान देऊन ओट्याच्या कडेला आला. त्याचंही बालपण त्याच गोठ्यात गेलं होतं ना.

आता आमच्या चाळीचं सांगते. खोली नंबर एकपासून शेवटपर्यंत सगळे कंपनीतले. कुणी हेल्पर, कुणी फिटर, कुणी वॉचमन. पण वर खाकी शर्ट असला तरी आत सगळे शेतकरीच. कुणी साताऱ्याकडचा, कुणी बीडचा, कुणी नगरचा, आणि प्रत्येकाच्या मागे गावात कुठली तरी दावण रिकामी झालेली. बैल पडलाय म्हटल्यावर सुट्टीच्या दिवशी लोळत पडलेली ती सगळी माणसं अशी काही उठली, की कंपनीचा भोंगा झाला तरी उठली नसती. पाचच मिनिटांत खाणीच्या काठावर जत्रा. बैल वर कसा काढायचा यावर तिथेच भांडणं सुरू झाली. दोर पोटाखालून घ्यायचा की पुढच्या पायांमागून, शिंगांना बांधला तर मान मोडते की नाही, माझ्या आज्ज्यानं विहिरीतून कसा काढला होता आणि तुझ्या आज्ज्यानं कसा मारला होता. बघायचं मात्र कुणालाच काही दिसत नव्हतं, कारण काठावरून खाली सगळी घाणेरी आणि वेडी बाभळ माजली होती, आणि पाणी कपारीच्या आत होतं.

कोपऱ्यावर गॅरेज होतं, त्याचे मालक चाचा. तीन पिढ्या इथलेच. ते इंजिन उचलायची साखळीची कप्पी आणि तीन पायांची लोखंडी घोडी हातगाडीवर घालून ढकलत आले. "इंजिन मी रोज उचलतो बाबा," मामांना म्हणाले, "वजनाची फिकीर करू नका. फक्त इंजिन लाथ मारत नाही, तेवढं तुम्ही सांभाळा."

"त्ये माज्यावर सोडा," मामा म्हणाले. आणि मी बघत राहिले, कारण ओट्यावरचा तो मुका म्हातारा आता पंचवीस माणसांना हुकूम सोडत होता. तू दोर धर, तू दगड बाजूला कर, बायांनो, हिरवा चारा आना कुठनं तरी. बायकांनी चारा आणला. एकीने काल रात्रीची भाकरी आणली. मी गुळाचा खडा घेतला, कारण घाबरलेला बैल गुळावर येतो हे मला ठाऊक होतं.

पूर्वी ट्रक उतरायचे ती वाट झुडपांनी बुजली होती. पुढे मामा खांद्यावर कासरा टाकून, मागे चाचा, मागे माझा नवरा आणि चार-पाच गडी. मला वर थांबायला सांगितलं होतं. मी पदर खोचला आणि गेले. अर्ध्या वाटेत मामांनी हाक घातली, बैलाला घालतात तशी, हळू आणि लांबवून, "हो राजा, हो, आलो." आणि काय सांगू, खाणीतला आवाज त्या क्षणी थांबला. एकदम चिडीचूप.

"वळखलं," मामा म्हणाले. "मानसाचा आवाज वळखला." माझ्या हातातला गूळ घामाने चिकट झाला होता.

आम्ही कपारीला वळसा घातला. समोर पाणी होतं, गुडघाभर खोल, चहाच्या रंगाचं. बैल नव्हता.

पाण्यात बेडूक होते. पण कसले बेडूक! हाताच्या पंजाएवढे, आणि पिवळे. पिवळे म्हणजे हळद लागलेले नवरदेव जसे बसावेत तसे पिवळेजर्द, काठाकाठाने मांडी ठोकून बसलेले. आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे. मग एका बेडकाने धीर केला. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन फुगे आले, निळे, शाईसारखे निळे, आणि तो ओरडला. तेवढासा जीव, पण आवाज समोरच्या दगडी भिंतीवर आपटला, तिथून बाजूच्या, तिथून आमच्यावर, आणि वर जाईपर्यंत त्याचा चांगला चार दाती देवणी झाला.

आधी चाचा हसले. "बाबा, तुम्ही जोडी म्हणालात. इथं तर अख्खी दावण आहे." मग सगळेच हसायला लागले. माझा नवरा हसला नाही, त्याचे कान लाल झाले होते. मी? मी तर बैल विसरूनच गेले होते. अशी पिवळीधमक वस्तू मी जन्मात बघितली नव्हती, आणि ते निळे फुगे! मी उड्या मारायचंच बाकी होतं. गूळ मी तिथेच एका दगडावर ठेवून दिला, बेडूक गूळ खातात की नाही याचा विचार न करता. मग माझं मामांकडे लक्ष गेलं. ते कासरा कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळत होते, एकेक वेढा नीट, आणि पाण्याकडे बघत नव्हते.

पुढचे दोन दिवस चाळीने काही सोडलं नाही. नळावर बायका विचारायच्या, मामा, वैरण टाकली का? संध्याकाळी गडी विचारायचे, बाबा, औताला कधी जुंपायचे? मनात वाईट नव्हतं कुणाच्या. स्वतः दोर घेऊन धावले होते, ते झाकायला दुसऱ्याला हसणं सोपं असतं. पण मामा ओट्यावर बसायचे थांबले. त्यातच दुसऱ्या दिवशी नवरा फर्स्ट शिफ्टहून आला तो तणतणत. मशीनवरची पोरं दिवसभर हंबरत होती म्हणे.

"आबा, आता खाणीकडं फिरकू नका," तो म्हणाला. "कंपनीत तोंड दावायला जागा ठिवली न्हाई."

मामा हूं म्हणाले. मी नवऱ्याला वाढलं, पण त्या संध्याकाळी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि माझं तोंड बंद राहिलं म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय हे त्याला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

शनिवारी सकाळी धुणं धुऊन आले तर दोरी नाही. कासरा गुंडाळून मामांच्या वळकटीवर ठेवलेला होता, आणि तांब्या घासूनपुसून शेजारी.

"उद्याच्या गाडीनं जातो," मामा म्हणाले.

"पोळ्याला अजून किती वेळ हाय."

"जातो."

"लोक हसले म्हणून? हसू द्या की. मी पण हसले."

"हसू द्या गं. हसण्याचं काय न्हाई." त्यांनी तांब्या उचलून वळकटीत सरकवला. "जलमभर बैलात गेलो. बाकी मला काय येत न्हाई, पन बैल कळतो. आता त्येबी कळंना. बैल वरडतो का बेडूक, ह्ये ज्याला समजंना, त्यानं कुनाच्या दारात बसावं?"

मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. वादात मामांना जिंकणं शक्य नव्हतं. मी ओल्या कपड्यांची बादली तशीच खोलीत ठेवली आणि दुपारी नळाला पाणी आलं तशी कळशी उचलून बाहेर पडले. नळावर शेवटच्या खोलीतली मुलगी भेटली. ती कॉलेजात सायन्सला होती, चाळीतली पहिली. तिच्या अंगाला कायम औषधाचा वास यायचा, कारण त्यांना तिथे बेडूक कापायला लावत. ते आठवलं आणि मी तिला धरलं.

"तुम्ही कापता ते बेडूक पिवळे अस्तेत का गं?"

"नाही वहिनी, हिरवट असतात. मोठे. पाठीवर पट्टे. का?"

"ओरडतेत कसे?"

ती हसली. "आमच्याकडे येतात ते ओरडण्याच्या पलीकडे गेलेले असतात."

वर्षभर तिने त्यांचं काळीज, आतडी, सगळं टेबलावर मांडलं होतं, पण आवाज एकदाही ऐकला नव्हता. गुरुवारी ती मावशीकडे गेलेली, त्यामुळे आमची जत्राही तिने पाहिली नव्हती. मी तिची कळशी खाली ठेवली आणि तिला ओढत खाणीच्या काठावर नेलं. थोडा वेळ आम्ही उभ्या राहिलो. मग खालून तो आवाज आला, अगदी तसाच. मुलीचं तोंड उघडं पडलं.

"वहिनी, हा तोच आहे. पावसाळ्यात ह्याचे नर पिवळे होतात. आणि आवाज असा, म्हणून ह्याला ते नाव."

"कोणतं नाव?"

"बुलफ्रॉग. बैलबेडूक."

"बैल?" मी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की ती कळवळली. "बैलच? नक्की? दुसरं कुठलं जनावर न्हाई ना?"

"वळू म्हणा, बैल म्हणा. आवाज बैलासारखा म्हणून."

आम्ही पळत सुटलो. दोघींच्या कळश्या नळावर वाहत राहिल्या आणि त्यावरून नंतर मोठं भांडण झालं, पण तेव्हा कुणाला शुद्ध होती. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा नवरा शिफ्टहून येऊन जेवायला बसला होता आणि मामा वळकटीला सुतळी आवळत होते.

"सांग," मी मुलीला म्हणाले. "मला सांगितलंस तसं सांग."

ती बिचारी धापा टाकत सांगायला लागली. "बाबा, तुम्ही ऐकलात त्या बेडकाचं नावच बैलबेडूक आहे. आवाजावरून पडलंय. आधी ते अमेरिकेतल्या एका मोठ्या बेडकाला पडलं, मग आपल्याकडच्या ह्या मोठ्यालाही तेच म्हणायला लागले. शास्त्रातल्या नावात मात्र ह्याला वाघ म्हटलंय, पाठीवर पट्टे असतात ना, म्हणून."

मामांचा हात सुतळीवर थांबला. "वाघ म्हननाऱ्यानं नुसता बघितला आसंल," ते म्हणाले. "आयकला नसंल." मग सुतळी सोडून, "बैल कोन म्हनलं?"

"तिकडचे गोरे लोक. तळ्यातून आवाज यायचा, त्यांना वाटायचं बैल हंबरतोय."

"ते मूळचे तितलेच का?"

"नाही, बोटीनं आलेले. समुद्रापलीकडून, घरदार सोडून."

"बैल संगं आनले व्हते?"

हे तिला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. "सगळ्यांनी कुठले आणले असतील, बाबा."

मामा वळकटीवर खाली बसले. नवऱ्याचा घास हातातच राहिला होता.

"मंग बराबर हाय," मामा म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "आपल्या गावात का बेडकं कमी व्हती? वड्याला ह्येच पिवळे, पावसाळाभर वरडायचे. मी कंदी कान दिला न्हाई. बेडूक वरडतंय म्हनायचं आन कूस बदलायची. कशाला बैल ऐकू यील? बैल दारात व्हता."

नवऱ्याने ताट सरकवलं. तो उठला, हात धुतला, आणि बापाजवळ जाऊन वळकटीशेजारचा कासरा उचलला. एक टोक त्याने नेहमीच्या खिळ्याला बांधलं. दुसरं टोक घेऊन तो समोरच्या खिळ्यापाशी गेला आणि तिथे बराच वेळ खटपट करत राहिला, कारण त्याला दिसत नव्हतं, डोळे भरले होते.

मामा उठले. "सर बाजूला," म्हणाले. "कंपनीत जाऊन गाठबी इसरला." त्यांनी त्याच्या हातातून टोक घेतलं, एक वेढा, एक फास, आणि ओढून बघितलं. दोरी ताठ झाली.

"आन पोरी तुजं धुनं," ते मला म्हणाले. "सकाळधरनं वलं पडलंय."

मी बादली ओढली आणि आधी नवऱ्याचा खाकी शर्ट झटकून दोरीवर टाकला.